बंदूक म्हणजे बैलजोडी नव्हे!

परवान्याचे शस्त्र विकताना स्टॅम्प पेपर कामी येत नाही. लेखी सूचना द्यावी लागते आणि ४५ दिवस थांबावे लागते

जठारपेठ, अकोला : गुरांच्या बाजारात सौदा होतो तो दुपट्ट्याखाली. बोटांवर बोटे दाबली जातात, दलाल मान हलवतो, इसार हातावर पडतो आणि दिवस मावळायच्या आत बैलजोडी नव्या मालकाच्या गावाला लागते. फवारणीचा पंप, जुने इंजिन, कडबा, कुटार, असे कितीतरी व्यवहार आपल्याकडे नुसत्या शब्दावर होतात आणि बहुतेक वेळा ते निभतातही. मात्र शेतकऱ्याच्या घरात एक वस्तू अशी आहे, की तिचा शब्दावरचा सौदा विकणाऱ्यालाही कोर्टाची पायरी दाखवतो आणि घेणाऱ्यालाही. ती म्हणजे परवान्याची बंदूक.

वऱ्हाडात गावोगाव अशा बंदुका आहेत. रोही, रानडुकरे आणि हरणांचे कळप तूर-हरभऱ्यात शिरू लागले तसे कित्येक शेतकऱ्यांनी पीक संरक्षणासाठी परवाने काढले. कोणाकडे ठासणीची, म्हणजे भरमार बंदूक आहे, कोणाकडे एकनळी किंवा दुनळी बारा बोअर. आता काळ पालटला. जागलीला जाणारी माणसे कमी झाली, वावराला झटका मशीन लागली, पोरे शिकून नोकरी-धंद्याला लागली. अकोल्यात जठारपेठेसारख्या वस्तीत घर आणि गावाकडे वावर, असा अनेकांचा संसार झाला. बंदूक मात्र गावच्या वाड्यातल्या कपाटात तशीच राहिली. तिचे नूतनीकरण करा, निवडणूक आली आणि हुकूम आला की ठाण्यात जमा करा, पुन्हा जाऊन सोडवून आणा. हा व्याप नको म्हणून घरची मंडळीच सांगतात, "कायले ठेवता घरात? इकून टाका एकदाची."

सल्ला काही वाईट नाही. ज्याला गरज नाही त्याने बंदूक विकावी, हे उत्तमच. पण ती कोणाला विकता येते, कशी विकता येते आणि कोणत्या दिवशी हातात देता येते, याची रीत कायद्याने ठरवून दिलेली आहे. ती ठाऊक नसल्यामुळे भला माणूस गुन्हेगार ठरू शकतो. सबब ही रीत सविस्तर समजून घेणे गरजेचे आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

हिंदुस्थानातल्या माणसाने परवान्याशिवाय बंदूक बाळगू नये, हा नियम इंग्रजांनी पक्का केला तो १८७८ च्या शस्त्र कायद्याने. लॉर्ड लिटन त्या वेळी व्हाइसरॉय होता. या कायद्याची चीड इतकी होती की १९३० मध्ये महात्मा गांधींनी सरकारपुढे ज्या ११ मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने मिळावेत आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, ही एक मागणी होती.

स्वातंत्र्यानंतर संसदेने शस्त्र अधिनियम १९५९ मंजूर केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालचे १९६२ चे जुने नियम जाऊन २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली, एका माणसाला ३ ऐवजी २ च बंदुका ठेवण्याची मर्यादा आली आणि शिक्षा पुष्कळ वाढल्या. म्हणून "आमच्या बुढ्यानं अशीच इकली होती, कोनं इचारलं नाई," हा दाखला आज कोणी देऊ नये.

दुसऱ्या मुलखाचे दाखलेही इथे लागू पडत नाहीत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत एकाच राज्यात राहणारी दोन माणसे आपसांत बंदुकीचा सौदा कोणत्याही कचेरीत न जाता करू शकतात. आपल्याच देशात कर्नाटकातल्या कोडगू भागात कोडव समाजाला काही बंदुकांसाठी परवान्याची सूट पूर्वापार आहे आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती आणखी १० वर्षांसाठी वाढवून दिली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला अशी कोणतीही सूट नाही.

परवाना कशाचा, कोणत्या बंदुकीचा?

कायद्याच्या १३ व्या कलमात शेतकऱ्याचा विचार वेगळा केलेला आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना मिळू शकतो. आपल्याकडची बारा बोअर ती हीच.

विक्रीच्या वेळी ही गोष्ट महत्त्वाची ठरते. "परवाना आहे" एवढे ऐकून भागत नाही. तो कोणत्या प्रकारच्या शस्त्राचा आहे, किती शस्त्रांचा आहे, कोणत्या हद्दीत चालतो आणि त्याची मुदत किती तारखेपर्यंत आहे, हे वाचून पाहावे लागते. ज्याच्या परवान्यावर ठासणीची बंदूक लिहिलेली आहे, त्याला तुमची दुनळी बारा बोअर घेता येणार नाही. ज्याच्या नावावर २ बंदुका आहेत, त्याला तिसरी घेता येणार नाही, मग ती वारसाहक्काने येणारी असली तरी. परवान्यावर राष्ट्रीय नोंदीतला स्वतंत्र ओळख क्रमांक आहे ना, तेही पाहावे.

जाता जाता आणखी एक गैरसमज दूर केलेला बरा. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. रोही आणि रानडुक्कर ही दोन्ही जनावरे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. ती उभ्या पिकाचे नुकसान करत असतील तर कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला त्याहून कडक संरक्षण आहे. बंदूक विकत घेऊ पाहणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे, म्हणजे "घेऊन काय फायदा?" हा हिशेबही त्याला नीट मांडता येईल.

उसनी देणे, गहाण ठेवणे हेही हस्तांतरणच

बहुतेकांची चूक होते ती इथे. विक्री म्हणजे पैसे घेऊन दिलेली वस्तू, अशी आपली समजूत असते. शस्त्र कायदा विक्रीसोबत 'हस्तांतरण' हा शब्द वापरतो आणि त्याची व्याख्या फार रुंद आहे. भाड्याने देणे, उसनी देणे, बक्षीस देणे आणि आपल्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ देणे, हे सगळे त्यात येते.

याचा अर्थ असा, की सावकाराकडे बंदूक गहाण ठेवून पैसे उचलणे हे हस्तांतरण आहे. जावयाला लग्नात बंदूक भेट देणे हेही हस्तांतरण आहे. शेजारच्या वावरवाल्याला "चार दिवस ने, डुकरं फार झाली," म्हणून देणे हेसुद्धा त्यातच मोडते. एक छदामही हाती आला नसला तरी कायद्याच्या नजरेत बंदूक दुसऱ्याच्या हवाली झाली.

सालदाराच्या हाती बंदूक देऊन त्याला जागलीला पाठवणे हीही जुनी सवय आहे. परवानाधारक स्वतः हजर असताना, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, दुसरा माणूस बंदूक वाहून नेऊ शकतो. तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाने स्वतः वापरण्यासाठी. सालदाराने रात्रभर मचाणावर बसून ती चालवावी, अशी मुभा यात नाही.

सौद्याची कायदेशीर रीत

आता मुख्य मुद्दा. ज्याच्याकडे बंदूक कायदेशीरपणे स्वतःच्या खाजगी वापरासाठी आहे, त्याला ती विकायला दुकानदाराचा परवाना काढावा लागत नाही. कायद्याच्या ५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने ही सवलत शेतकऱ्यालाही आहे. मात्र सवलतीला अटी आहेत आणि त्या पाळल्या तरच सवलत टिकते.

पहिली अट अशी, की घेणारा माणूस तशी बंदूक बाळगायला कायद्याने पात्र असला पाहिजे. आपल्यापुरते सांगायचे तर त्याच्याकडे त्या प्रकारच्या बंदुकीचा चालू परवाना हवा. "अर्ज टाकला आहे", "साहेबांशी बोलणे झाले आहे", "येत्या महिन्यात मिळणार आहे", यांतले काहीही परवाना नव्हे. कायद्याच्या ९ व्या कलमाने २१ वर्षे पूर्ण न झालेल्याला बंदूक देता येत नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्यालाही सुटकेनंतर ५ वर्षे बंदूक घेता येत नाही. ज्याचे डोके ठिकाणावर नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला देणे तर गुन्हाच आहे.

दुसरी अट लेखी सूचनेची. बंदूक विकण्याचा इरादा आहे आणि ती अमुक नावाच्या, अमुक पत्त्याच्या माणसाला विकायची आहे, असे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. जिल्हादंडाधिकारी म्हणजे आपले जिल्हाधिकारी. अमरावती शहरापुरते हे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत, कारण जिथे पोलीस आयुक्त नेमलेले असतात तिथे या कायद्यासाठी तेच जिल्हादंडाधिकारी समजले जातात. सूचनेत बंदुकीचा प्रकार, बनावट, बोअर आणि तिच्यावरचा क्रमांक लिहावा. दोघांच्या परवान्यांचे क्रमांक लिहून परवान्यांच्या नकला जोडाव्यात. काडतुसेही द्यायची असतील तर ती किती, तेही लिहावे, कारण ही अट दारूगोळ्यालाही लागू आहे.

तिसरी अट थांबण्याची. सूचना दिल्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय विक्री किंवा हस्तांतरण करता येत नाही. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच जपून ठेवावी. दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून.

कायद्याच्या शब्दांत ही 'सूचना' आहे. तथापि कचेरीच्या व्यवहारात तेवढ्याने काम संपत नाही. विकणाऱ्याच्या परवान्यावरून ती बंदूक कमी झाली आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर तिची नोंद झाली, की मगच सौदा खऱ्या अर्थाने पुरा होतो. यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत दोघांनी अर्ज करावेत आणि शाखेने मागितलेली कागदपत्रे द्यावीत. नोंदीविना बंदूक नेली तर ती घेणाऱ्याच्या घरी असेल आणि सरकारी दप्तरात तुमच्या नावावर.

बंदुकीवरचा क्रमांक घासलेला किंवा पुसलेला असेल तर ती विकायला काढूच नये. क्रमांक खोडणे हा गुन्हा आहे आणि निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण नसलेली बंदूक विकायला कायद्याने बंदी आहे. नळी कापून आखूड करण्याचा उद्योगही कोणी करू नये.

४५ दिवस कशासाठी?

"पैशाची गरज आज, अन् बंदूक द्यायची दीड महिन्यानं? हा कुठला न्याय?" असा सवाल ऐकू येतो. सवाल अगदीच चुकीचा नाही. पेरणी तोंडावर आलेल्या माणसाला दीड महिना फार मोठा वाटतो. पण या काळात अधिकाऱ्यांना घेणाऱ्याचा परवाना खरा आहे का, चालू आहे का, त्याच्यावर काही गुन्हा आहे का, गावात त्याचे कोणाशी धुऱ्याचे किंवा भाऊबंदकीचे भांडण पेटलेले आहे का, हे तपासता येते. बैल वाईट माणसाच्या हाती गेला तर बैलाचे हाल होतात. बंदूक वाईट हाती गेली तर माणूस मरतो. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे ४५ दिवसांचे कारण कळते.

गरज तातडीची असेल तर आधी पैसे उचलून बंदूक देऊन टाकण्याचा मोह टाळावा. इसार घेतला की समोरचा "मग वस्तू कधी देता?" म्हणून मागे लागतो आणि भिडेपोटी बंदूक मुदतीआधी हातची जाते.

एक कल्पित उदाहरण

गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून एक उदाहरण कल्पून पाहू. पातूर तालुक्यातल्या एका गावचा शेतकरी. घरी एकनळी बारा बोअर, परवाना त्याच्या नावे आणि चालू. मृग तोंडावर आला आहे, बियाण्याला पैसा नाही. बाळापूर तालुक्यातला सोयरा घरी येतो आणि म्हणतो, "भाऊ, मले देऊन टाका. परवान्याचा अर्ज टाकेल हाय, महिन्या-दोन महिन्यात येते हातात." शेतकरी विचार करतो, "आपला सोयराच हाय, पयून थोडाच चालला?" स्टॅम्प पेपर येतो. किंमत लिहिली जाते, 'यापुढे बंदुकीबाबत सर्व जबाबदारी घेणाराची राहील' असे वाक्य पडते, दोन साक्षीदार सह्या करतात, त्यांतला एक गावचा माजी सरपंच असतो. पैसे मिळतात, बियाणे येते, बंदूक सोयऱ्याच्या घरी जाते.

चार महिन्यांनी सोयऱ्याच्या गावी धुऱ्यावरून भांडण होते आणि घरातले कोणीतरी ती बंदूक उचलते. पोलीस बंदूक जप्त करतात, क्रमांक वाचतात आणि दप्तर काढतात. दप्तरात नाव पातूरच्या शेतकऱ्याचे. त्याला बोलावणे येते. तो मोठ्या विश्वासाने स्टॅम्प पेपर पुढे करतो.

पण तो कागद त्याची सुटका करत नाही. परवाना नसलेल्या माणसाला, कोणालाही न कळवता, पैसे घेऊन बंदूक दिली, हे त्याच कागदाने त्याच्याच सहीनिशी सिद्ध होते. 'सर्व जबाबदारी घेणाराची' हे वाक्य दोन माणसांच्या देण्याघेण्यात कदाचित उपयोगी पडेल. फौजदारी कायद्यापुढे त्याला किंमत नाही. सरपंचाची साक्ष, नोटरीचा शिक्का, पोलीस पाटलाच्या कानावर घातल्याची आठवण, यांतले काहीच जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या किंवा ठाणेदारांच्या लेखी सूचनेची जागा घेऊ शकत नाही.

हाच सौदा सरळ कसा झाला असता? सोयऱ्याने आधी परवाना काढायचा. तो हाती आल्यावर शेतकऱ्याने सूचना द्यायची, पोच घ्यायची, ४५ दिवस जाऊ द्यायचे, दोन्ही परवान्यांवर नोंदी करून घ्यायच्या आणि मग बंदूक व पैसे यांची अदलाबदल करायची. सोयऱ्याला परवाना मिळालाच नसता तर दुसरे परवानाधारक गिऱ्हाईक पाहायचे, किंवा शस्त्रांच्या परवानाधारक दुकानदाराकडे चौकशी करायची. बियाण्यासाठी पैसा दुसरीकडून उभा करणे कठीण, हे खरे. तरी कोर्टाच्या तारखा त्याहून महाग पडतात.

वडिलांच्या पश्चात बंदूक कोणाची?

परवाना हा माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. वडील वारले की वावराचा फेरफार होतो, तसा परवाना आपोआप मुलाच्या नावे होत नाही. वडिलांच्या पश्चात बंदूक घरात तशीच राहिली तर ती विनापरवाना ठरते आणि ज्याच्या ताब्यात असेल तो अडचणीत येतो. वडील गावी, मुले जठारपेठेत, दिवसपाण्याच्या गडबडीत कपाटाकडे कोणाचे लक्ष नाही, असे सहज घडते. म्हणून तेरवी आटोपली की पहिल्या कामांत हे काम धरावे. बंदूक आणि काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.

जमा केली म्हणजे बंदूक सरकारची झाली, असे समजू नये. कायद्याच्या २१ व्या कलमाने वारसांना दोन वाटा ठेवलेल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणी स्वतः परवाना मिळवला तर बंदूक परत घेता येते. नाहीतर पात्र माणसाला ती विकून पैसे घेता येतात. मात्र नेमून दिलेल्या मुदतीत यांतले काहीच केले नाही तर ती सरकारजमा करण्याचा हुकूम जिल्हादंडाधिकारी देऊ शकतात. मुदत किती, हे पावती घेतानाच विचारून लिहून घ्यावे. वारस एकाहून अधिक असतील तर सगळ्यांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवावी, म्हणजे पुढे भाऊ-भाऊ एकमेकांवर अर्ज करत बसणार नाहीत.

हयातीतही वाट मोकळी आहे. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाचे वय ७० झाले असेल, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे असेल, तर तो ठरवील त्या वारसाच्या नावे परवाना देण्याचा विचार होऊ शकतो. वारस पात्र असला पाहिजे आणि त्याची चौकशी होतेच. घरातल्या वडीलधाऱ्यांनी या तरतुदीचा उपयोग करून घ्यावा.

वाड्याच्या माळ्यावर आजाच्या काळची, कोणत्याही परवान्यावर नसलेली भरमार सापडली तर ती 'जुनी वस्तू' म्हणून भंगारवाल्याला किंवा हौशी माणसाला विकू नये. दुरुस्ती करूनही जी कधी चालू शकत नाही अशीच मोडकी किंवा कालबाह्य बंदूक कायद्याच्या बाहेर राहते. ती चालेल की नाही, हे ठरवणे आपले काम नव्हे. ठाण्यात लेखी कळवून ती दाखवावी. देशी कट्ट्याची तर गोष्टच नको. त्याची कायदेशीर विक्री नावाचा प्रकार नाही.

चुकले तर काय?

सूचना न देता, किंवा सूचना देऊन ४५ दिवसांच्या आत, परवानाधारकाला बंदूक विकली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आकडा लहान वाटतो म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. खटला चालतो तो चालतोच आणि पुढे स्वतःचा परवानाही धोक्यात येतो.

परवानाच नसलेल्या माणसाला विकली तर ५ व्या कलमाची सवलत उरत नाही. मग विनापरवाना शस्त्रविक्रीचे कलम लागू शकते. त्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे. घेणाऱ्यावर विनापरवाना बंदूक बाळगल्याचा गुन्हा होतो आणि त्याची शिक्षा २ ते ५ वर्षे कैद व दंड अशी आहे. मुदत संपलेला परवाना हा परवाना नव्हे, हेही इथे लक्षात ठेवावे. ज्याच्या स्वतःच्या परवान्याची मुदत संपलेली आहे, त्याने आधी बंदूक जमा करावी, मग विक्रीचे पाहावे.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

पोलीस पाटील, सरपंच आणि गावचे इतर अधिकारी यांच्याकडे माणूस पहिल्यांदा जातो, त्यामुळे त्यांचे एक वाक्य पुष्कळ अनर्थ टाळू शकते. बंदुकीच्या सौदापत्रावर साक्षीदार म्हणून सही मागायला कोणी आला तर सही करण्यापूर्वी दोन्ही परवाने आणि सूचनेची पोच दाखवायला सांगावे. परवानगी देण्याचा अधिकार पोलीस पाटलाला नाही. तरीही गावात परवान्याच्या बंदुका कोणाकडे आहेत, त्यांतले कोण वारले, कोणाचे घर शहरात गेले, याची त्याला माहिती असते. परवानाधारक वारला की घरच्यांना बंदूक जमा करण्याची आठवण करून देणे, हे काम त्याच्याइतके चांगले दुसरा कोणी करू शकत नाही.

गाव सोडून शहरात कायमचे राहायला गेलेल्यांनी पत्त्यातला बदल परवाना शाखेला कळवावा. जुन्या पत्त्यावर परवाना, नव्या पत्त्यावर माणूस आणि तिसरीकडेच बंदूक, अशी अवस्था असली की विक्रीचा अर्ज अडकतो. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा असलेल्या बंदुकीचा सौदा करायचा असेल तर जमा पावती सूचनेला जोडावी. आणि व्हॉट्सॲपवर बंदुकीचा फोटो टाकून 'विकणे आहे, संपर्क करा' असे लिहिण्याआधी चार वेळा विचार करावा. कोण माणूस कुठून फोन करील, याचा भरवसा नसतो.

थोडक्यात लक्षात ठेवावे असे

स्वतःचा परवाना चालू आहे ना, ते पाहा. घेणाऱ्याचा मूळ परवाना डोळ्यांनी बघा. शस्त्राचा प्रकार, संख्या, हद्द आणि मुदत वाचा. जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा ठाण्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. ४५ दिवस पूर्ण होऊ द्या. दोन्ही परवान्यांवर नोंद झाल्यावरच बंदूक हातात द्या आणि दिल्याची तारीख, वेळ व सही असलेला कागद स्वतःकडे ठेवा. कागद इथेही लागतो, पण तो शेवटी लागतो आणि आधीच्या सगळ्या पायऱ्या झाल्या असतील तरच त्याला अर्थ आहे.

काही शंका असल्यास ठाण्यात किंवा परवाना शाखेत जाऊन विचारावे. विचारल्याने कोणाची बंदूक जप्त होत नाही. न विचारता दिलेली बंदूक मात्र कोणाच्या हाती गेली आणि तिने काय केले, याचा जबाब परवान्यावर ज्याचे नाव आहे त्यालाच द्यावा लागतो.